धुरपताचा पोरगा

“जरा छातीतून आवाज काढ, गोमाजी. खून झाला तवा रडत रडत दिली होती दवंडी. आता आपल्या जमादाराले न्याय भेटला,” पोलीस पाटील म्हणाले.

कोतवाल गोमाजी डफडं शेकत बसला होता. चामडं केव्हाच तापलं होतं, तरी तो उठेना.

भंडाऱ्याच्या कोर्टातली बातमी सकाळच्या एस.टी.ने आली होती. पोलीस ठाण्यातल्या इश्वर जमादाराला मारणाऱ्या धनीरामला फाशी. सत्याहत्तर साली जमादाराने धनीरामची चोरट्या तांदळाची गाडी नदीच्या घाटावर अडवली, आणि धनीरामने गाडीच्या कडेची लाकडी उभारी उपसून त्याच्या डोक्यात घातली. त्या दिवशी अख्ख्या बपेरा गावात चूल पेटली नाही. गोमाजी तर आठ दिवस धड जेवला नाही. जमादार गस्तीवर आला की आधी त्याच्या ओट्यावर टेकायचा आणि तंबाखू मागायचा. आपली स्वतःची डबी असावी, हे त्या भल्या माणसाला जन्मात सुचलं नाही. फाशीच होऊ दे, असं गोमाजीने मारुतीपुढे बोलून टाकलं होतं. झाली. आता दवंडी द्यायला मात्र उठवत नव्हतं.

दवंडीच्या जागा ठरलेल्या. चावडी, चिंच, मारुती, विहीर. चिंचेसमोर धनीरामची आई धुरपता एकटी राहायची. दीड वर्षं गोमाजी चिंच गाळून मधल्या बोळाने मारुतीकडे निघायचा. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्या गावानेच तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

चावडीवर दवंडी देऊन तो बोळात शिरला, तर समोर धुरपताच उभी.

“गोमाजीभाऊ, माह्या दारी काहून येत नाही तू?”

गोमाजीने डफडं काखेत मारलं.

“रेशनात साखर आली, मले मालूम नाही. सुई टोचाले डॉक्टर आला, मले मालूम नाही. आज तरी ये. पोराचं काय झालं, कोनी सांगूनच नाही राहिलं.”

“घरात चाल वहिनी. सांगतो.”

“घरात नोको. सगळ्यांले सांगतो तसंच सांग.”

दोघं चिंचेखाली आले. ऐकायला ती एकटीच. गोमाजीने डफड्यावर काडी मारली.

“ऐका हो ऐका. इश्वर जमादाराच्या खुनापायी, बपेऱ्याचा धनीराम वल्द दादाजी, याले...”

वीस वर्षांच्या कोतवालकीत शब्द कधी अडला नव्हता. त्याने पुन्हा काडी मारली.

“याले फाशी.”

धुरपताने डोक्यावरचा पदर नीट केला.

“जमादाराच्या बायकोले पोचली का बातमी?”

“पोचली असंन.”

“तुले अजून मारुती, विहीर राहिली असंन?”

“राहिली.”

“मंग येक करजो भाऊ. त्याच्या बापाचं नाव नोको घेऊ. तो भला मानूस होता, मरून बारा सालं झाले. त्याले कायले हरेक चौकात उभं करतं? माहं नाव घे. मी ऐकाले जित्ती हावो.”

गोमाजीला रडू फुटलं. तिला फुटलं नाही.

मारुतीपाशी माणसं जमली होती. पाटीलही येऊन उभे होते. गोमाजीने काडी मारली.

“ऐका हो ऐका. इश्वर जमादाराच्या खुनापायी, बपेऱ्याचा धनीराम...”

तो थांबला. विसरला वाटून पाटलांनी हळूच सांगितलं, “वल्द दादाजी.”

“धुरपताचा पोरगा,” गोमाजी म्हणाला. चिंचेपर्यंत ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने.