वरातीची वाट न पाहणारी हवा

आमच्याकडे लग्नपत्रिकेवरची वेळ ही कोपऱ्यातल्या गणपतीसारखी शोभेला छापलेली असते. साडेअकराचं लग्न दोनला लागलं तर लोक म्हणतात, वेळेवर लागलं. वरपक्ष बँडपुढे नाचत राहतो आणि भटजी, आचारी, नवरीचा बाप त्याची वाट पाहतात. वाट पाहायला लावणं हाच वरपक्षाचा मान. बबनरावांनी हा मान हवेकडूनही वसूल करायचं ठरवलं.

बबनराव नाचणगावचे, ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक, आणि नवरदेव ऋतिकचे वडील. नवरी माझी भाची सुरभी. मी तिचा मामा, शिवाय अकरावी-बारावीत तिला भौतिकशास्त्र शिकवणारा मास्तर. मोबाइलवर कुठल्याशा लग्नाचा व्हिडिओ पाहून बबनरावांनी फर्मान काढलं. नालवाडीजवळच्या लॉनवर गरम हवेचा फुगा आणायचा. नवरा-नवरी त्याच्या टोपलीत उभी राहून साठ फूट वर जाणार, तिथंच एकमेकांना हार घालणार, मग खाली येऊन अक्षता. फुग्यावर फोटो मात्र हात जोडलेल्या बबनरावांचा. लग्न मुलाचं, चेहरा बापाचा! त्या फोटोतल्या एकेका मिशीवर चार माणसं निजली असती.

फुगा उडवणारी जागृती नागपूरची, तिशीतली, मोजकं बोलणारी. तिनं आठ दिवस आधीच बजावलं होतं, "एप्रिल संपून राह्यला काकाजी. सकाळी सहा ते सात. साडेसातनंतर मी कोणालेच वर नेणार नाई."

बबनरावांनी लगेच भटजींकडून सव्वासहाचा मुहूर्त काढून घेतला. भटजींनीही काढून दिला. देणाऱ्याचा हात पाहून पंचांगाचं मन मोठं होतं.

फुग्यात जादू काही नसते. आतली हवा तापवली की ती पसरते, हलकी होते आणि बाहेरची गार, जड हवा तिला वर उचलते. आत-बाहेर जितका फरक, तितकी उचल. खाली यायचं तर फुग्याच्या माथ्यावर झाकण असतं, ते दोरीनं ओढून गरम हवा सोडायची. एवढंच. हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर शिकवतो आहे आणि पंचवीस वर्षं मुलं ते पाठ करून विसरतात. बबनराव तर पाठ करण्याच्याही भानगडीत पडले नव्हते.

सहा वाजता पान हलत नव्हतं. फुगा भरून उभा राहिला. त्याच्या दोऱ्या तीन कोऱ्या ट्रॅक्टरांना बांधल्या होत्या. जाहिरात तिथंही सुटली नव्हती. सुरभी शालू नेसून तयार होती. जानोसा, म्हणजे वऱ्हाडाची उतरायची जागा, अर्ध्या किलोमीटरवर. वरात सहाला निघाली, सातला पेट्रोल पंपापाशी होती आणि आठलाही पेट्रोल पंपापाशीच होती. दोन पावलं पुढे, तीन मागे, वरून नोटांची ओवाळणी. जागृती फुगा उतरवायला गेली की बबनरावांचा फोन यायचा, "पाच मिंटात पोचलोच!" असे पाच फोन आले. शेवटी माझी बहीण, सुरभीची आई माधवी जागृतीपुढे हात जोडून उभी राहिली, म्हणून तिनं बारीक आगीवर तो नुसता उभा ठेवला.

नऊला ऊन चटके देऊ लागलं आणि वारा सुटला. फुगा एकदा डावीकडे कलंडायचा, एकदा उजवीकडे. मी सुरभीला म्हणालो, "आता यात जो बसन तो हाडं मोडून घेईन. उंटावरचे शहाणे सगळे!" ती हसली. मला बरं वाटलं. मागे बसून टिंगल करण्यात मी आधीपासूनच पटाईत आहे.

नऊ वीसला वरात पोचली. घामानं निथळलेले बबनराव थेट टोपलीपाशी आले. "चला, चढवा पोट्ट्याले अन् सूनबाईले. मी बी बसतो. फोटोग्राफर बी घ्या."

"काकाजी, टाइम गेला," जागृती म्हणाली. "बाहेरचीच हवा तापली, उचल कमी झाली. अन् वारा पाहा ना."

"अवो, भटजी थांबला, आचारी थांबला, अन् तुमची हवा काऊन थांबत नाई?"

हे त्यांनी खरोखर विचारलं. वरातीतल्या लोकांनी मानाही डोलावल्या. मला हसू आवरेना. तेवढ्यात बबनराव माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुम्ही सायन्सवाले. सांगा या पोरीले. जाते का नाई वर?"

चारशे डोकी माझ्याकडे वळली. बबनरावांच्या मागे माधवी उभी होती. ती मान हलवून मला खुणावत होती, काई बोलू नोको दादा, इवाई रुसतील. व्याह्यांचा रुसवा म्हणजे आमच्याकडे भूकंप. मी म्हणालो, "तशी... आग वाढवली तं जाईन वर."

बोललो ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त हलकट होतं.

"जाईनच ना सर," जागृती शांतपणे म्हणाली. "वर नेणं मोठी गोष्ट नाई. या वाऱ्यात खाली कसं आणू, ते सांगा. ट्रॅक्टरच्या दोरीनं हिसका देल्ला तं टोपली कुठं आदळन?"



"मामाजी," सुरभी म्हणाली, "आत्ता तं तुम्ही मले म्हणाले, हाडं मोडतील म्हणून. आता मले बसवता का?"

तिनं थोडा वेळ वाट पाहिली. एक 'नाही' म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मग तीच जागृतीकडे वळली. "ताई, सोडा हवा. मी नाई बसत."

"पप्पा," ऋतिक पहिल्यांदाच बोलला, "मले बी नाई बसाचं. मले उंचीचं भेव लागते."

जागृतीनं लाल दोरी ओढली. माथ्यावरचं झाकण उघडलं आणि फुगा खाली बसू लागला. बबनरावांच्या कपाळाला घड्या पडल्या, मिशा लोंबल्या, जोडलेले हात हिरवळीवर पसरले. पोरं टाळ्या पिटू लागली. खरे बबनराव तरातरा जाऊन गाडीत रुसून बसले. त्यांची समजूत कोणी काढली नाही. मंडपातून मठ्ठा-जिलेबीचा वास आला आणि अर्ध्या तासात ते आपले आपणच उतरले.

मग भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं!"

भाचीला हाताला धरून मंडपात नेण्याचा मान मामाचा. तिच्या जन्मापासून मी या दिवसाच्या गोष्टी करत आलो होतो. मी उपरणं सावरत उठलो आणि हात पुढे केला. सुरभीनं त्या हाताकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं.

"तुम्ही बसा मामाजी," ती म्हणाली. "मी जाते."

आणि ती एकटी चालत गेली. मंगलाष्टकं सुरू झाली. मला इतकी लाज वाटली की अक्षता मुठीतच राहिल्या. शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी धपकन बसलं. बबनराव होते. त्यांनी खिशातून पानाची पुडी काढली आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

"या पोट्ट्या काईबी म्हणोत मास्तर, तुम्ही बराबर बोलले. तुम्ही आपल्यातले आहा."

त्यांनी पान पुढे केलं. मी ते घेतलं.