बुडबुडा चालणार नाही

मोठ्या दिरांनी पाण्याचा नमुना आधीच काढून ठेवला होता. बादलीत, उघड्यावर, सकाळपासून. वर मला म्हणतात, "तुझा वेळ वाचवला!"

मी बादली उचलली आणि मोरीत ओतली.

"अगं ए!"

"भाऊजी, प्रयोगशाळेत हेच करून केस पिकायला लागलेत माझे. मला वेड्यात काढू नका. रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू आहे, पाणी उघडं राहिलं की उडून जातो. बादलीत काय सापडणार, कपाळ?"

त्यांची लॉन्ड्री घरच्या बोअरवर चालते. खालच्या खोलीत तीन मशिनं, गरम पाणी, नुसती वाफ, आणि खिडकी म्हणाल तर नावाला. तिथे दिवसभर राबतं कोण? माझ्या जाऊबाई, मी त्यांना ताई म्हणते. भाऊजी वर गल्ल्यावर, पंख्याखाली. आसपासच्या बोअरांत रेडॉन जास्त निघाल्यापासून माझा सगळा जीव ताईंमध्ये अडकला होता.

मी नळाला नळी लावली, पाणी भरपूर वाहू दिलं, बाटली पातेल्यात बुडवून भरली आणि बूचही पाण्याखालीच लावलं. तरी एक बुडबुडा राहिलाच. ओतून पुन्हा भरली.

"एका बुडबुड्याचा एवढा बाऊ?"

"वायू त्यातच निसटतो. चालणार नाही."

निकाल आला. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. मी तडक त्यांच्या खालच्या खोलीत गेले. भाऊजी धुतलेले गठ्ठे न्यायला खाली आले होते, त्यांच्यापुढे कागद धरला.

"हॅ! आमचे वडील हेच पाणी पिऊन म्हातारे झाले."

"प्यायले ना? पिण्यानं पोटाला धोका आहेच, पण खरा धोका श्वासाचा. गरम पाण्यातून वायू या कोंदट खोलीत सुटतो आणि फुप्फुसात जातो. वर्षानुवर्षं असंच चाललं तर कॅन्सर होऊ शकतो. पाण्यात हवा सोडणारी टाकी बसवा, वायू छपराबाहेर जाऊ द्या. उपाय आहे, भाऊजी!"

"आणि तोवर धंदा बंद? घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजू नकोस. बाहेर बोललीस तर या घराची पायरी चढायची नाही!"

"नाही चढणार. पण ताईंना घेऊनच उतरेन!" रागानं माझा आवाज चिरकला. चिरकू दे.

जाऊबाई चादरी पिळत होत्या. नवऱ्यासमोर त्या सहसा तोंड उघडत नाहीत. हात थांबवून त्यांनी विचारलं, "अहो, खरंच काही होत नाही ना इथे?"

"अजिबात नाही. हिचं डोकं फिरलंय."

"मग उद्यापासून आठवडाभर तुम्ही खाली या. मी गल्ल्यावर बसते."

"मी?" भाऊजी चटकन दाराकडे सरकले. "मी कसा इथे थांबणार? मला आधीच खोकला आहे."

"मलाही आहे," जाऊबाई म्हणाल्या. "कधी विचारलंत?"

आणि त्यांनी मशिनं बंद केली, एकामागून एक, तिन्ही.