कप्पा रिकामा करायचा राहिला

मित्रांनो, मी करावे गावातल्या होडीवाल्यांच्या कचेरीतला एक जुना, दमलेला संगणक आहे. मी नवा आलो तेव्हा मला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता. काम साधे होते. खाडीत गेलेल्या होड्या फोनवरून संदेश पाठवत, ते पडद्यावर दाखवायचे. कोणी अडकले तर लाल खूण करायची. लोक मला गावाचा डोळा म्हणत.

पण माझा प्रोग्राम लिहिताना एक गोष्ट राहून गेली होती. प्रत्येक फेरीला होडीचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे तिची एक नोंद, माझ्या मेमरीत तयार होई. त्याच्या एका प्रॉपर्टीत, म्हणजे कप्प्यात, तिचे संदेश साठत. होडी किनाऱ्याला लागली तरी तो कप्पा रिकामा होत नसे. ओझे वाढत जाई. मी मंदावलो की कचेरी सांभाळणारे सुधीर मला बंद करून पुन्हा चालू करत. म्हणत, हा आता म्हातारा झाला.

एकदा भर दुपारी गोटीरामदादांची होडी ओहोटीच्या चिखलात रुतली. त्यांचा संदेश माझ्यापर्यंत आला, पण ठेवायला जागाच उरली नव्हती. मी जागच्या जागी थिजलो. पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसत राहिले. संध्याकाळी त्यांची बायको गोजराकाकी विचारायला आली, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. दादांना आणले ते उन्हाने अर्धमेले झालेले.

त्यांची पुतणी नमिता वाशीला प्रोग्रामर आहे. ती आली, तेव्हा सुधीर नवे मशीन घ्यायचे म्हणत होते.

"नवं मशीनपण भरेल, सुधीरदादा. फक्त जरा उशिरा," ती म्हणाली.

तिने एका खोट्या होडीचे संदेश पाठवले, ती परत आल्याचे नोंदवले आणि माझी मेमरी तपासली. होडी पडद्यावरून गेली होती, पण एका यादीने तिचा ऑब्जेक्ट अजून धरून ठेवला होता. होडी परतली की कप्पा रिकामा करायचा आणि तिला यादीतून काढायचे, एवढे नमिताने लिहिले. मग मेमरी भरली आणि मला बंद न करता पहिल्यांदाच खालीही आली.

गोजराकाकीने विचारले, "येवढं सगलं कशाला धरून बसला व्हता तो?"

"सोड म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, काकी."

मित्रांनो, माझा थकवा काही गेलेला नाही. पंखा कुरकुरतो, कळफलकाच्या कळा अडकतात. तरी एक मागणे आहे. कोणी मंदावला तर त्याला म्हातारा म्हणून मोकळे होऊ नका. तो काय धरून बसला आहे, ते एकदा बघा.

गोटीरामदादा पुन्हा खाडीत जातात. ते सुखरूप परतले की मी त्यांना विसरून जातो. तेवढाच मला विसावा.