साडेआठ किलोमीटरवर

दसऱ्यानंतर माझी मोटारसायकल रोज सकाळी एकाच जागी बंद पडू लागली.

मी खोपोलीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कर्जतजवळच्या भिसेगावातून सातला निघते. आई गेल्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून घरात मी एकटी. प्रयोगशाळेत बोलणं होतं, पण ते नमुन्यांच्या आकड्यांपुरतं. कितीतरी दिवस असे गेलेत की घरी येऊन कुलूप काढताना मला आठवायचं, आज मी आकड्यांखेरीज काहीच बोललेले नाही.

गाडी जुनी, शंभर सीसीची. पळसदरी मागे पडेपर्यंत ती नीट चालायची. मग इंजिन अडखळायचं, दोन-तीन धक्के द्यायचं आणि केळवलीच्या अलीकडच्या वळणावर शांत व्हायचं. दहा मिनिटं थांबलं की एका किकमध्ये चालू.

त्या वळणावर अंबाबाई बसायची. डोंगराखालच्या वाडीतली, साठीच्या पुढची. काकड्या, दोडकी, कधी जंगलातले कंद घेऊन सकाळी बसायची आणि माल संपला की उन्हाआधी परत जायची. पहिल्या दिवशी तिने मला रस्त्याच्या कडेला उभं पाहिलं आणि आपल्याजवळच्या दगडावर गोणपाट टाकून बस म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच गोणपाट टाकलेलं होतं. मी कारण विचारलं.

"तुजी गाडी वळणाच्या आदीच खोकाया लागती," ती म्हणाली. "तवाच मी गोणपाट झटकते."

ती दहा मिनिटं आम्ही बोलायचो. म्हणजे तीच जास्त. तिची लेक पारू, जावई, नातू, वाडीतलं पाणी, एक अंडी घालणारी कोंबडी. मी सकाळी काय खाल्लं हे ती रोज विचारायची, आणि मला उत्तर देता यावं म्हणून मी सकाळी काहीतरी खाऊ लागले.

खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या दशरथ मिस्त्रीने प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, एअर फिल्टर झटकला. गाडी त्याच्याकडे कधीच बंद पडली नाही. "मॅडम, तुमची गाडी माझ्यासमोर शहाणी होते," तो म्हणाला. त्याने तिन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या होत्या. तसं केलं तर गुण आला तरी कशाने आला ते कळत नाही, आणि इथे तर गुणही आला नव्हता. मग मी वही केली. तारीख, टाकीत पेट्रोल किती, किती किलोमीटरवर बंद पडली. गाडी बंद असताना प्लग काढून ठिणगी पाहिली. ती स्वच्छ निळी होती. म्हणजे दोष विजेचा नव्हता, पेट्रोलचा होता.

आठवड्यात एक गोष्ट दिसली. दोनदा मुद्दाम टाकी काठोकाठ भरून पाहिली, तेव्हा गाडी चार किलोमीटरवरच थांबली. एरवीसारखी अर्धी असली तर साडेआठवर. पेट्रोल जास्त असताना ते लवकर संपल्यासारखं का व्हावं, हे मला सुचेना.

वहीच्या नवव्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना कर्जतच्या पंपावर झाकण उघडलं, तेव्हा टाकीने सुस्सकन हवा आत ओढली. एरवी मी पेट्रोल सकाळी भरायचे. रात्रभरात हवा हळूहळू आत शिरून गेलेली असायची, म्हणून हा आवाज कधी ऐकला नव्हता. मी झाकण दिव्याखाली धरलं. चावीच्या भोकाशेजारी सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत येते. त्या छिद्रावर तांबडा-पिवळा थर सुकून बसला होता. हवा आत येत नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. टाकी भरलेली असली की आत हवाच थोडी, म्हणून ओढ लवकर बसते.

तो थर कुठला हे मला लगेच आठवलं. दसऱ्याला मी अंबाबाईकडून झेंडू घ्यायला थांबले होते. तेव्हा आमची ओळखही नव्हती. माझी गाडी त्या दिवशीही बिनपूजेची, कोरडीच, हे तिला बघवलं नाही. स्वतःच्या तराजूची पूजा नुकतीच झाली होती. उरलेलं हळदकुंकू वाऱ्याने उडू नये म्हणून तिने खोबरेल तेलात कालवलं आणि गाडीवर जी सगळ्यात चकचकीत जागा दिसली, तिथे बोटाने दाबून लावलं. ती जागा टाकीच्या झाकणाची होती.

टाचणीने एका मिनिटात काम झालं असतं. मी झाकण लावलं आणि घरी आले.

पुढचे बारा दिवस मी टाकी अर्धीच राहील असं बघितलं. एक दिवसाआड एक लिटर. पंपावरची बाई म्हणाली, "मॅडम, दूध नेल्यासारखं पेट्रोल नेता." गाडी रोज साडेआठ किलोमीटरवर, गोणपाटासमोर थांबत राहिली. संध्याकाळी परततानाही ती त्याच भागात बंद पडायची. तेव्हा दगड रिकामा असायचा. मी त्यावर बसून दहा मिनिटं मोजायचे.

तेराव्या दिवशी, शनिवारी, अंबाबाई काही विचारेना. काकड्या इकडच्या तिकडे करत राहिली. मग म्हणाली की उद्या वाडीच्या देवाला कोंबडी द्यायची आहे. कोणती, ते विचारायची गरज नव्हती. तिच्याकडे एकच होती.

"कशासाठी?"

"तुज्या गाडीसाठी. मला नवरा नाय, आन् मी कुंकू लावलं. त्याच दिसापासून बिघडली गं ती. माज्या हातानं झालं."

तिने चुकीचं कारण धरलं होतं, पण दिवस बरोबर धरला होता. मी नुसतं नाही म्हटलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता. मी उठून झाकण काढून आणलं, तिच्या हातात दिलं आणि तिच्या पदराची पिन मागितली. थर खरवडून काढला, छिद्रातून फुंकर मारली, तिलाही मारायला लावली.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का?"

"नाय येत. दोन लागत्यात. हे तू मला शिकवतीस?"

"हे दुसरं भोक होतं. ते बुजलं. मी कुंकू लावलं असतं तरी असंच झालं असतं. हाताचा काही संबंध नाही. कोंबडी राहू द्या."

तिने झाकण उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुला कवापासून म्हाईत हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. "बारा दिवस झाले."

"मंग थांबायचीस कशाला?"

मी टाकीचं झाकण बसवू लागले. चावी दोनदा चुकली. तिने पिन परत पदराला लावली आणि म्हणाली, "बिघडली नसली तरी थांब की. रस्ता काय माज्या बापाचा हाय?"

मग तिने सांगितलं की तुळशीचं लग्न झालं की ती पारूबरोबर वीटभट्टीवर जाणार. नातवाला सांभाळायला. परत येणं पावसाच्या तोंडाशी. कोंबडी टोपलीत घालून बरोबर नेणार होती.

सोमवारी गाडी वळणापर्यंत एकदाही अडखळली नाही. मी ब्रेक लावला. अंबाबाई दचकली, गोणपाट घडी घालून बाजूला पडलं होतं.

"खोकली नाय गं आज. मला कळलंच नाय."

दुसऱ्या दिवसापासून मी वळणाआधी हॉर्न वाजवायला लागले. दोनदा, थोडं थांबून. पोचेपर्यंत गोणपाट टाकलेलं असायचं. असे पाच दिवस मिळाले.

आता गाडी घरापासून कारखान्यापर्यंत न थांबता जाते. दशरथ मिस्त्रीला वाटतं, त्याच्या कार्बोरेटरचा गुण उशिरा आला. वहीत नव्याने लिहिण्यासारखं काही नाही. शेवटची नोंद 'दोष नाही' अशी आहे. सकाळी मात्र काहीतरी खाऊन निघते.

केळवलीच्या अलीकडे मी अजून हॉर्न वाजवते, दोनदा. वळणावर वाजवायचाच असतो.