हॉलच्या कोपऱ्यातला कॉलम

मित्रांनो, मी एक जुना कॉलम आहे. कॉलम म्हणजे इमारतीचा उभा खांब. माझ्या डोक्यावर आडवा बीम, बीमवर स्लॅब आणि स्लॅबवर माणसांचे संसार.

ठाण्याजवळच्या दिवा गावातली आमची इमारत घाईघाईत उभी राहिली. सळ्या बांधून काँक्रीट ओतले, पण क्युरिंग, म्हणजे पाणी मारून मला मुरवणे, धड झालेच नाही. टँकर आला की पाणी आधी पिण्याला लागे. तरीही मी ताठ उभा राहिलो. माझ्या बरोबर वरच्या घरात सगुणाबाई एकट्या राहत. रोज त्यांची पावले मी अंगावर झेलत असे.

मग तळमजल्यावर प्रफुल्ल आला. त्याचे लग्न ठरले होते आणि मी त्याच्या हॉलमध्ये वीतभर पुढे आलेलो.

"हा जरा तास ना. सोफा बसत नाही. कार्पेट पण वाढेल," तो जगन गवंड्याला म्हणाला. कार्पेट म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा.

"दादा, कॉलम आहे. सगळा लोड याच्यावर आहे."

"अरे, तोडायला कुठे सांगतोय? वरवर छिल रे!"

जगनने मान हलवली आणि छिन्नी लावली. माझ्या सळ्या उघड्या पडल्या. मित्रांनो, मला ओरडता आले नाही. वर गुळगुळीत प्लास्टर झाले, रंग लागला. प्रफुल्लची नवी नवरी कल्पिता आली. येणारा जाणारा म्हणे, "हॉल केवढा मोठा वाटतो!" आत सळ्या गंजत होत्या.

काही वर्षांनी सगुणाबाईंचे दार लागेनासे झाले. त्यांनी सुताराकडून त्याला रंधा मारून घेतला. पुन्हा अडकले. मग भिंतीला तडा गेला. इंजिनिअर आले, माझे प्लास्टर फोडून त्यांनी गंजलेल्या सळ्या पाहिल्या. दारावर 'अतिधोकादायक' असा फलक लागला.

कळव्याला लेकीकडे निघताना सगुणाबाई खाली आल्या. माझ्या उघड्या सळ्यांकडे पाहत राहिल्या.

"पोरा, तुझ्या या सोफ्यावर मी किती वेळा बसून गेले रे. हॉल छान झाला म्हणून तुझं कौतुकच केलं."

प्रफुल्लने मान खाली घातली. कल्पिता रडू लागली.

आता इमारत रिकामी आहे. मला लोखंडी टेकू दिले आहेत. पाडायला येतील तोवर उभे राहायचे, एवढेच माझ्या हाती.

मित्रांनो, घरातला एखादा कोपरा पुढे आलेला खुपला, तर छिन्नी उचलण्याआधी एकदा जिना चढा. वर कोण राहते, ते पाहून या.