पळीच्या पोटातला पोचा

मी एक जुनी पळी आहे, मित्रांनो. सोन्याची नाही, चांदीची नाही, पितळेचीसुद्धा नाही. पितळेच्या पळ्या म्हातारपणी दिवाणखान्यात शोभेला टांगतात म्हणे. मी जाड ॲल्युमिनियमची. आमच्या कुळाला शोभा ठाऊक नाही, डाळ ठाऊक.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एक गोल चकती साच्यावर दाबली, वाटी झाली. वाटीला लांब दांडा जोडला, मी झाले. मग मला वजनावर विकलं. माझं वजन कोणी पाहिलं ते तेवढंच एकदा. पुढे सगळे माझ्यात मावतं किती तेच बघत आले.

मला घेतलं एका खाणावळीच्या मालकांनी. बसडेपोच्या मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून ही खाणावळ. सहा बाकडी, एक पंखा, आणि तो कोणाच्या डोक्यावर यावा यावरून रोजची कुरबुर. जेवण एकच : भात हवा तेवढा, डाळ एक पळी, तोंडी लावायला कांद्याची फोड. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘एक ताट, एक पळी’. म्हणजे पाटीवर नाव होतं ते माझं. मालकांचंसुद्धा नव्हतं.

मला चालवायच्या मावशी. रांधायच्याही त्याच आणि वाढायच्याही त्याच. मला तळापर्यंत बुडवायचं, वर काढताना पातेल्याच्या काठाला एकदा टेकवायचं, खालचा थेंब आत पडू द्यायचा आणि मग ताटात उलटं करायचं. ना सांडलं, ना उणं पडलं. सकाळी त्या जेवढी डाळ शिजत टाकायच्या ती शेवटच्या गिऱ्हाइकाच्या ताटात बरोबर संपायची. गिऱ्हाइकं म्हणायची, “मावशींच्या हाताला तराजू लागत नाही.” त्या कौतुकातला निम्मा वाटा माझा होता. पण भांड्याला वाटा देण्याची रीत नाही. वीस वर्षं अशी गेली. मी झिजले, दांडा काळा पडला, पण माप सोडलं नाही.

मग डाळ महागली. मालक वाईट नव्हते, भित्रे होते. भाव वाढवला तर गिऱ्हाईक समोरच्या टपरीवर जाईल या धास्तीनं त्यांना घास गोड लागेना. एका दुपारी मावशी आत पाठ टेकायला गेलेल्या बघून त्यांनी मला पिशवीत घातलं आणि सायकलवाल्याकडे नेलं.

“हातोडी दे रे जरा.”

“काय मालक, पळी पंक्चर झाली काय?”

“तू हातोडी दे. अक्कल माझ्याकडे आहे.”

त्यांनी मला लोखंडावर पालथं घातलं आणि दोन ठोके दिले. माझं बूड पोटात शिरलं. बाहेरून खळगा, आतून उंचवटा. वर डाळ असली की कोणाच्या बापाला दिसायचा नाही. लागलं का, असं मला कोणी विचारलं नाही. अपेक्षाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मीटरवाला जेवायला आला. घरोघर जिने चढून विजेचे मीटर वाचायचं त्याचं काम. दिवसाचं पोटभर जेवण एवढं एकच. ताटाकडे बघून तो म्हणाला, “मावशी, डाळ वाढलीत की नुसती दाखवलीत?”

“काठोकाठ पळी आहे रे. डोळे तपासून घे.”

“डोळ्यांवरच तर पोट भरतो मी, मावशी.”

बाकडी हसली. मावशीही हसल्या. तिसऱ्या दिवशी मात्र कोपऱ्यातली शिवणकामवाली शेजारणीला हळूच म्हणाली, “मावशींचा हात आखडला गं. वय झालं.” हळूच बोलणारी माणसं नेहमी ऐकू जाईल इतपतच हळू बोलतात.

मावशी त्यानंतर हसल्या नाहीत. मला कोपरापर्यंत हात घालून बुडवू लागल्या. टेकवायचं सोडून दिलं, थेंब ताटाभोवती सांडू लागले. तरी ताट उणंच दिसे. वीस वर्षांची कमाई म्हणजे त्यांचा हात, आणि आता त्याच हातावर त्यांचा भरवसा उरेना. शेवटी त्यांनी मालकांनाच विचारलं, “हात थरथरतो का हो माझा?”

मालक गल्ला पुसत होते. पुसतच राहिले. म्हणाले, “वयानुसार होतं, मावशी. चालायचंच.”

मित्रांनो, दोन ठोके मी सोसले होते. हा तिसरा माझ्यावर पडला नाही, पण आवाज मला याचाच लक्षात आहे.

आता मालकांची अक्कल कुठे तोकडी पडली ते ऐका. त्यांनी पळी लहान केली, पण पातेल्याचा विचारच केला नाही. मावशी आपल्या नेहमीच्या अंदाजानं तेवढीच डाळ शिजवत. साहजिकच ती रोज उरू लागली. शिळं वाढायचं नाही, एवढी नीती मालकांकडे होती. मग उरलेली डाळ डब्यातून त्यांच्याच घरी जाऊ लागली. म्हणजे गिऱ्हाइकाच्या ताटातून वाचवलेली डाळ स्वतःच्याच घरादाराला खाऊ घालून ते काटकसर करत होते.

बाराव्या दिवशी मालकीणबाई तो डबा घेऊन भर दुपारी खाणावळीत हजर.

“हे घ्या. पोरांनी रोज तीच डाळ बघून ताटं बाजूला सारली. वीस वर्षांत कधी वाटीभर उरली नाही, आताच हा पूर कुठून आला?”

मालक मावशींकडे वळले. “मावशी, उद्यापासून डाळ जरा कमी टाका.”

“का? माणसं घटली?”

“नाही हो.”

“ताटं घटली?”

“ताटं तेवढीच. पण उरते ना!”

“डाळ तेवढीच, ताटं तेवढीच, पळी काठोकाठ,” मावशी एकेक बोट दुमडत म्हणाल्या, “मग उरते ती कुठली?”

बोलता बोलता त्या थांबल्या. मला रिकामं केलं आणि आत अंगठा फिरवला. मला घासणारी बाई वेगळी होती. मावशींनी इतकी वर्षं माझा दांडाच धरला होता, पोटात कधी हात घातला नव्हता. अंगठा उंचवट्यावर अडला. त्यांनी मला उलटं करून बघितलं, मग मालकांकडे बघितलं.

“भाव वाढवायचा होता तर पाटीवर लिहायचं होतं, मालक. माझ्या हातावर कशाला लिहिलंत?”

“गिऱ्हाईक गेलं असतं, मावशी.”

“गेलं असतं. माझ्या नावानं खडे फोडत तर गेलं नसतं.”

मालकीणबाईंनी डबा टेबलावर असा आपटला की पंख्याखालची माणसंसुद्धा दचकली. मावशींनी मला मीटरवाल्यापुढे धरलं. त्यानं आत बोट फिरवलं आणि खाली मान घातली. “चुकलो, मावशी. उगाच बोललो.”

“तू नाही चुकलास. तूच तेवढं बरोबर वाचलंस.”

पाटीवर नवा भाव लागला. नवी स्टीलची पळी आली. काही गिऱ्हाइकं टपरीवर गेली ती गेलीच. शिवणकामवाली आता शेजारणीबरोबर एक ताट दोघींत घेते. कोणाचं फारसं भलं झालं, असं मला खोटं सांगवत नाही. मला सरळ करायला सायकलवाल्याकडे नेलं, तर तो म्हणाला, “आता ठोकली तर चिरेल. धातू थकलाय.” माझ्याबद्दल आजवर कोणी बोललेलं सगळ्यात खरं वाक्य ते.

तेव्हापासून मी मालकांच्या घरच्या फडताळात असते. मित्रांनो, भांडी घासूनपुसून जपा, हे तुम्हाला शाळेतही सांगतात. माझं मागणं थोडं निराळं आहे. घरात असो की दुकानात, कधी कमी वाढायची वेळ आली तर तसं तोंडानं सांगा. माणसं कुरकुरतील आणि आहे त्यात भागवतील. पण ती कमतरता आमच्या पोटात लपवू नका. भांड्याला ठोका बसतो आणि बोल लागतो तो वाढणाऱ्याला.

जेवताना मालकच कधीकधी सांगतात. मावशी नव्या पळीनं वाढतात, माप अगदी बरोबर असतं. फक्त प्रत्येक ताटापाशी क्षणभर थांबून विचारतात, “पुरेल ना रे?”

आधी त्या कधी विचारत नसत.