आश्रुबाने कापलेली सात मिनिटे

मित्रांनो, कुटुंबनियोजनाची आणि म्हशींच्या आजारांची चित्रे दाखवता दाखवता ज्याचे दोन दिवे उडाले, तो नांदूरघाटच्या दूध संघाचा म्हातारा प्रोजेक्टर मीच. त्या काळी माझ्यासाठी गर्दी व्हायची आणि मला ती आवडायची.

मग दुष्काळ पडला. जनावरे छावणीत गेली, संघात दूध येईना. रिकाम्या हॉलमध्ये शहादेव सरांनी चित्रपट मंडळ काढले. अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकवणारे हे सर दर शनिवारी पुण्याहून मागवलेले परदेशी चित्रपट माझ्यावर चढवू लागले. माझा अगदी जीव नकोसा झाला. एका पोलिश चित्रपटात एक माणूस दोन तास खिडकी पुसत होता. फ्रेंच चित्रपटातले नवराबायको जेवणभर एकमेकांना मीठसुद्धा मागत नव्हते. हंगेरीच्या चित्रपटात सारखा पाऊस, आणि माणसे त्याला वैतागलेली. इथे टँकर आठवड्यातून एकदा येतो, हे त्यांना कुणी सांगायचे? बघायला सहा जण येत, त्यातले दोघे पंख्यासाठी.

शेवटी संघाचे अध्यक्ष आप्पाराव म्हणाले, येत्या शनिवारी गाव आले नाही तर मंडळ बंद. सरांचे तोंड उतरले. खरे सांगतो, मला बरे वाटले.

त्या शनिवारचा चित्रपट तुर्कस्तानचा होता. त्यात एक म्हातारी विहिरीवरून पाण्याची घागर घेऊन टेकडी चढते. सलग सात मिनिटे. बोलणे नाही, गाणे नाही. दुपारच्या चाचणीतच मी तापून गेलो. माझा ऑपरेटर आश्रुबा जत्रेतल्या तंबूत, फिरत्या टॉकीजवर शिकलेला. प्रेक्षक चुळबुळतील असा भाग आधीच कापायचा, ही तिथली रीत. सर गावात लोकांना बोलवायला गेले होते. आश्रुबाने कात्री काढली, ती सात मिनिटे उडवली आणि तुकडा गुंडाळून रिकाम्या डब्यात टाकला. मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. त्याची लाज मला अजून वाटते.

कारण हॉल झाडणाऱ्या चतुराबाईने ती चाचणी दारात उभी राहून पाहिली होती. संध्याकाळी ती खडी फोडायच्या कामावरच्या चाळीस बाया घेऊन आली. सर हरखले. आप्पाराव खुर्चीत सावरून बसले.

पडद्यावर म्हातारीने घागर उचलली आणि पुढच्याच क्षणी ती घरात उभी. चतुराबाई उठली.

"आश्रुबा भाऊ, मधली वाट कुठं गेली?"

"लई लांबत होतं, बाई. लोक कटाळले असते."

"आमी रोज दोन कोस चालतो, ते कुणाला दिसत न्हाई. कुठल्या मुलखातल्या माणसानं ते दाखवलं, तर ते बी तुमी कापलं. ह्या बाया तेवढंच बघाया आल्यात."

सरांनी मला थांबवले. आश्रुबाने मान खाली घालून तुकडा जोडला. तोवर एकही बाई जागची हलली नाही. मग म्हातारी टेकडी चढू लागली. माझी स्वतःची खरखर मला पहिल्यांदाच नकोशी झाली. मध्येच तिचा पाय सरकला, घागर हिंदकळली, आणि हॉलमधल्या बायांचे हात आपोआप आपापल्या डोक्याकडे गेले. आप्पारावांनी ते पाहिले. मंडळ बंद करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मित्रांनो, माझे भिंग पुसा, मला तेल द्या, हे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. कुणाचे चालणे तुम्हाला लांब वाटले, तर खुशाल उठून जा. ते कापू नका.